उलट्या मुठीची कानस

किल्लीकाकूंचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मध्ये चुकून राहिलेली फट. डावीकडे चष्म्यांचं दुकान, उजवीकडे मोबाइलच्या कव्हरांचं, आणि मध्ये हे, अंग चोरून उभं. आत दोन माणसं मावत नसत. गिऱ्हाईक आत आलं तर काकूंना बाहेर यावं लागलं असतं. म्हणून गिऱ्हाईक फुटपाथवर उभं राही आणि काकू आतून बोलत. बोलणं असं, की रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याला कान टवकारायची गरज पडत नसे.

दुकान सासऱ्यांचं. नवऱ्याला किल्ल्यांचं वावडं. त्याला पत्ते आवडायचे, पत्त्यांना मात्र तो कधी आवडला नाही. लग्न होऊन आल्यावर काकू सासऱ्यांचा डबा पोचवायला दुकानात जायला लागल्या, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत करायचं काय म्हणून किल्ल्या घासायला लागल्या. पुढे पुढे सासूबाई दोघांचे डबे पोचवू लागल्या. बाई कुलपं उघडते म्हटल्यावर बाजारात कुजबुज झालीच. एका हवालदाराने फुटपाथवर काठी आपटून विचारलं, ही विद्या चोराच्या हाती लागली तर? काकू म्हणाल्या, एवढं शिकायला बसायचा धीर असता तर तो चोर कशाला झाला असता. पुढे तोच हवालदार स्वतःच्या कपाटाची किल्ली हरवून दाराशी आला. काकूंनी किल्ली करून दिली, पण काठी आधी बाहेर ठेवायला लावली.

सासऱ्यांचं सांगायलाच हवं, कारण काकूंचा सगळा ताठा त्यांच्याकडून आलेला. म्हातारपणी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कानस पुढे ढकलली की ती किल्लीवर नाचायची आणि खाच वाकडी व्हायची. आता घरी बसा, असं घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, डॉक्टरांनी आणि नाही नाही त्यांनी सांगून झालं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं, आणि एका दुपारी कानशीची मूठ उपसून ती तिच्या दुसऱ्या टोकाला बसवली. कानशीचे दाते पुढे जाताना कापतात. मूठ उलट्या टोकाला गेली की ते मागे येताना कापतात. ढकलताना थरथरणारा हात ओढताना थरथरत नाही, हे त्यांनी पेला तोंडाकडे नेताना ताडलं होतं. हात बिघडला तर कानस फिरवायची, दुकान का फिरवायचं, असं ते म्हणाले आणि शेवटपर्यंत गादीवर बसले. काकू त्याच कानशीवर शिकल्या. काकूंचा मुलगा शिकला तोही त्याच कानशीवर, काकूंच्या पुढ्यात बसून. त्यामुळे सगळं जग कानस ढकलतं आणि हे घर ओढतं. बाजारातले लोक हसायचे. हसू देत, असं म्हणून काकू ओढत राहिल्या.

तर अशा या बाईने काल संध्याकाळी दुकान सोडायला होकार दिला होता.

कारण शटरचं कुलूप. गेल्या काही महिन्यांपासून ते रोज सकाळी काकूंची अब्रू काढत होतं. किल्ली आत जाई, पण फिरत नसे. दाबा, हलवा, काढा, पुसा, पुन्हा घाला. कधी चष्मेवाला येई आणि म्हणे, द्या काकू, मी बघतो. अख्ख्या गावाची कुलपं उघडणारी बाई भर रस्त्यात स्वतःच्या कुलपापुढे वाकून उभी, आणि शेजारी किल्ली मागतोय! बोटं सकाळी आखडायची, हे खरंच होतं. हिवाळ्यात तर मुठी वळायच्या नाहीत. त्यामुळे काकूंनी दोष बोटांना दिला. मुलगा तेच सांगत होता. त्याचं नाव सोन्या. डोक्यावरचे केस गेले, मिशा पांढरटल्या, पण नाव काही मोठं झालं नाही. तो शहराबाहेरच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या किल्ल्यांचं खातं सांभाळायचा, कॉम्प्युटरवाल्या मशीनवर. आई, किती दिवस रेटणार, असं तो मऊ आवाजात विचारायचा. तो मऊ आवाज काकूंना कुलपापेक्षा जास्त छळायचा.

शेवटी काल जेवताना काकूच बोलून गेल्या. जिला स्वतःचं कुलूप उघडत नाही, तिच्याकडे लोकांनी कशाला यावं? सोन्याने ताटावरून मान वर केली नाही. आज संध्याकाळी मोबाइल कव्हरवाल्याला दुकान दाखवायचं, किल्ली त्याच्या हातात द्यायची, असं ठरलं. तो मधली भिंत पाडून दुकान मोठं करणार होता. काकू रात्रभर कूस बदलत राहिल्या आणि सकाळी नेहमीपेक्षा लवकर निघाल्या, कारण कुलपाशी झटापट करायला वेळ ठेवावा लागे.

त्या झटापटीतच फोन वाजला. फोन मास्तरांचा. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. या भागातल्या अर्ध्या लोकांना गाडी त्यांनी शिकवलेली, काकूंनासुद्धा. आता शाळा बंद होती, पण त्यांची जुनी गाडी अजून दारात होती, आणि आज तिची किल्ली फिरत नव्हती. वर्कशॉपला फोन केला, तर त्यांनी सांगितलं, स्टेअरिंगखालचं अख्खं कुलूप बदलावं लागेल, पण एवढ्या जुन्या गाडीचं ते आता मिळत नाही, तेव्हा गाडी काढून टाका. मास्तर म्हणाले, "बाई, मला गाडी काढून टाकायची नाही. मला ती काढायची आहे. तुम्ही येता का?"

काकूंनी अडलेली किल्ली कुलपातून उपसली, एप्रनच्या खिशात टाकली आणि हत्यारांची पिशवी काखेत मारली. शेवटचं काम तर शेवटचं काम.

मास्तरांचं घर एका उतरत्या गल्लीच्या टोकाला. फाटकाच्या खांबाला गाडीच्या रंगाचा एक ओरखडा होता, तो काकूंनी आत शिरतानाच टिपला. मास्तर गाडीशेजारी उभे होते, शर्टाचं वरचं बटण लावून, जणू कुणाची तरी परीक्षाच घ्यायची आहे. दारात त्यांची लेक उभी होती. ती शिक्षिका; बापाचं घर आणि स्वतःचं घर अशा दोन्हीकडे पळणारी. तिने काकूंना बघितलं आणि तिचा चेहरा एकदम पडला. तेव्हा काकूंना वाटलं, की बिचारी दमली असेल.

काकू ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. गाडीची किल्ली फिरत नाही म्हटलं की लोक आधी तेल ओततात आणि मग रडत येतात. तेलाने आत धूळ बसते आणि कुलूप जास्तच जाम होतं. मास्तरांनी तेल ओतलं नव्हतं, हे बघून काकूंना बरं वाटलं. पहिला संशय स्टेअरिंगचा. गाडी बंद करताना चाक वळलेलं राहिलं, की स्टेअरिंगचा खिळा आतून ताणलेला राहतो आणि किल्लीला फिरू देत नाही. काकूंनी डाव्या हाताने स्टेअरिंग इकडे तिकडे हलवत उजव्या हाताने किल्ली हळूच फिरवून बघितली. स्टेअरिंग सैल होतं. खिळ्याचा काही दोष नव्हता.

"पिळू नका," मास्तर खिडकीतून म्हणाले. "शिकतानाही तुम्ही स्टेअरिंगला कुलूप समजून पिळायचात."

"आणि तुम्ही शिकवताना मला बहिरी समजून ओरडायचात."

मग काकूंनी पेन्सिलीच्या शिशाची पूड कुलपात फुंकली आणि किल्ली काही वेळा आत-बाहेर केली. फरक पडला नाही. त्या खाली उतरल्या आणि त्याच किल्लीने गाडीचं दार लावून उघडून बघितलं. दार लोण्यासारखं उघडलं. काकूंनी ओठ मुडपले. आता गोष्ट सोपी होत चालली होती. दाराच्या आणि स्टेअरिंगच्या कुलपाला किल्ली एकच, पण दाराच्या कुलपात पितळी पत्र्या कमी असतात, स्टेअरिंगच्या कुलपात किल्लीच्या टोकापर्यंत एकेका खाचेला एकेक पत्री. सगळ्या पत्र्या खाचांत बरोबर बसल्या तरच किल्ली फिरते. दार उघडतंय आणि स्टेअरिंग अडतंय, म्हणजे गडबड टोकाकडच्या खाचेत. खाच झिजली असेल, जुनी किल्ली, होतं असं.

काकूंनी किल्ली उजेडात धरली. झिजलेल्या किल्लीचं एक रूप असतं. ती सगळीकडून झिजते, आणि तिच्या कडा जुन्या साबणासारख्या गोल होतात. ही किल्ली तशीच होती, टोकाजवळची एक खाच सोडून. त्या खाचेचा तळ नवा दिसत होता. काकूंनी अंगठ्याचं नख त्या खाचेवरून ओढलं, आणि नख अडकलं.

घासताना धातूचा केसाएवढा पापुद्रा उलटून एका अंगाला राहतो. काकू त्याला कड म्हणत. चांगला कारागीर कड काढूनच किल्ली हातात देतो, पण घाईतला माणूस विसरतो. किल्लीचं डोकं डावीकडे ठेवून सगळेच घासतात, आणि कानस ढकलून घासलं की कड पलीकडच्या अंगाला राहते. ही कड अलीकडच्या अंगाला होती. काकूंनी नख पुन्हा फिरवलं, मग डोळे मिटून फिरवलं. कानस ओढलेली होती. ओढून घासणारी माणसं या गावात दोनच, आणि त्यातली एक आत्ता या गाडीजवळ उभी होती.

काकूंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या दाराकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, आत जाऊन मला पाणी आणता का? बाटलीतलं नको, माठातलं." मास्तर आत गेले. लेक आत गेली नाही, उलट गाडीजवळ आली.

"वर्कशॉपमधून करून आणलंस ना?" काकूंनी विचारलं.

लेकीने नाही म्हणायचा प्रयत्नही केला नाही. ती भराभर बोलत सुटली, साठलेलं सांडावं तशी. बाबा एकदा कुत्र्याला चुकवायला गेले आणि गाडी फुटपाथवर चढली. मग त्या खांबाला घासली. सांगितलं की चिडतात, मी तुला शिकवलं की तू मला, असं म्हणतात. शाळेत वर्गात उभी असले तरी कान फोनकडे असतात. कुणाचं लेकरू गाडीखाली आलं तर? म्हणून ती वर्कशॉपमध्ये गेली आणि काही करता येईल का विचारलं. तिथल्या किल्लीवाल्याने आधी नाही म्हटलं, मग किल्ली उलटसुलट करून बघितली, मग ती घेऊन आत गेला. मशीन राहू दे म्हणाला, हे हातानेच करावं लागेल.

"त्यांनी पैसेसुद्धा घेतले नाहीत, काकू. म्हणाले, मला कळतं तुमचं. भांडण करून उपयोग नसतो, माणूस ऐकत नाही. कुलूपच अडलं की आपोआप ऐकतं. माझ्याही घरी तेच चाललंय, म्हणाले."

मास्तर पाणी घेऊन आले, ते काकूंनी एका दमात प्यायलं. माझ्याही घरी तेच. त्यांचा हात एप्रनच्या खिशात गेला आणि तिथेच थांबला. खिशातली किल्ली त्यांनी बाहेर काढली नाही, काढायची गरजच नव्हती. अंगठ्याचं नख खिशातल्या खिशात दातांवरून फिरलं. पहिली खाच, दुसरी, तिसरी. तिसरीत नख अडकलं, अलीकडच्या अंगाला.

गिऱ्हाइकाची किल्ली असती तर काकूंनी पहिल्याच दिवशी नख फिरवलं असतं. अडलेल्या कुलपाला आधी किल्ली विचारायची, हे त्या शेंबड्या पोरालाही सांगत. पण ही स्वतःच्या घरची किल्ली, स्वतः घासलेली, तिच्यावर कसला संशय घ्यायचा? म्हणून त्यांनी संशय घेतला तो स्वतःच्या बोटांवर. महिनोन् महिने त्या बोटांना शिव्या घातल्या, गरम पाण्यात बुडवलं, मलमं चोळली, चष्मेवाल्यासमोर लाजल्या. त्यांना रडू आलं नाही. राग आला, आणि तो इतका स्वच्छ होता की बऱ्याच दिवसांनी त्यांना मोकळा श्वास आल्यासारखं वाटलं.

"काकू, नका ना करून देऊ," लेक खालच्या आवाजात म्हणाली. "काही जमत नाही म्हणून सांगा. तुमचं ऐकतील ते."

क्षणभर काकूंना तिची दया आली. ती खोटं बोलत नव्हती. खांबावरचा ओरखडा खोटा नव्हता. म्हातारा खरंच कुणाच्या अंगावर गाडी घालणारच नाही, असं काकू तरी कुठल्या तोंडाने सांगणार होत्या? पण तिकडे मास्तर उभे होते, बटण लावून, आणि आपली गाडी म्हातारी झाली असं समजून तिच्या टपावरून हात फिरवत होते. दोन दिवसांनी ते समजले असते की आपणच म्हातारे झालो. काकूंना हे कसं होतं ते ठाऊक होतं.

"तुला भीती वाटते ना, मग शेजारी बसून बघ ते कसे चालवतात," त्या म्हणाल्या. "नाही जमत असं दिसलं, तर त्यांच्या तोंडावर सांग. भांडा, अबोला धरा, काय करायचं ते करा. पण मी किल्लीला खोटं बोलायला लावणार नाही."

हे मास्तरांनी ऐकलं. त्यांनी लेकीकडे बघितलं, मग खांबाकडे, आणि काय झालं ते त्यांना हळूहळू उमगलं. लेक फाटकाच्या पायरीवर जाऊन बसली.

काकूंनी पिशवीतून कोरी किल्ली काढली, किल्ली घट्ट धरायचा छोटा शेगडा गाडीच्या बंपरला आवळला आणि जुन्या किल्लीवरून बाकीच्या खाचा उतरवल्या. टोकाजवळची खाच मात्र त्यांनी मुद्दाम उंच ठेवली, कारण जुनीवरून ती उतरवण्यात अर्थ नव्हता. नकलेत खोटही उतरते. मग कानस फिरवायची, किल्ली कुलपात घालून हलकेच पिळायची, बाहेर काढून उजेडात धरायची. जिथे पत्री अडली असेल तिथे धातूवर मोहरीएवढा चकाकता ठिपका उठतो. तेवढाच घासायचा, पुन्हा घालायची, पुन्हा बघायचं. या कामात घाई केली की किल्ली भंगारात. काकूंची बोटं आखडलेलीच होती, पण उलट्या मुठीची कानस छातीकडे ओढली जात होती आणि हात जराही हलत नव्हता. ठिपका बारीक होत गेला. मग तो उठेनासा झाला, आणि किल्ली फिरली. गाडी खोकली, आणि सुरू झाली.

काकूंनी नखाने कड तपासली, काढली, आणि किल्ली मास्तरांच्या हातात न देता लेकीच्या हातात दिली. तू दे, म्हणाल्या.

मास्तर बसले, शेजारी लेक, मागे काकू, मांडीवर पिशवी. मला दुकानापर्यंत सोडा, असं काकूंनीच फर्मावलं होतं. मास्तरांनी आधी आरसे लावले, पट्टे बघितले, काकूंना पट्टा लावायला सांगितलं आणि मग गाडी काढली. गाडी अगदी शिस्तीत चालली. बाजाराच्या वळणावर मात्र डावीकडून एक सायकल आली आणि लेकीने "बाबा" म्हणेपर्यंत मास्तरांना ती दिसली नाही. ब्रेक वेळेवर लागला. मास्तरांनी गाडी कडेला घेतली आणि स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"डावीकडचं कमी दिसतं मला," ते म्हणाले. "डोळे तपासून घ्यायला हवेत. तोवर तू चालव." मग लेकीकडे न बघता पुढे म्हणाले, "हे मला कळायला गाडी चालू असायला हवी होती."

त्यांनी जागा बदलली. उरलेला रस्ता लेकीने गाडी चालवली आणि मास्तर तिला आरसा बघ, आरसा बघ म्हणून बोलत राहिले. ती रडत होती, तरी तिने आरसा बघितला.

काकू दुकानापाशी उतरल्या, पण शटर त्यांनी उघडलं नाही. चष्मेवाल्याच्या पायरीवर बसून त्या संध्याकाळची वाट बघत राहिल्या. चष्मेवाल्याने विचारलं, उघडू का काकू? काकू म्हणाल्या, आज ज्याने बंद केलंय तोच उघडेल. त्याला काही कळलं नाही, पण त्याने चहा मागवला.

सोन्या आला, बरोबर मोबाइल कव्हरवाला. तो भिंतीवर टिचक्या मारून कुठून पाडता येईल ते बघू लागला. सोन्याने आईला बरं वाटतंय ना विचारलं, त्याच मऊ आवाजात. काकूंनी खिशातली किल्ली काढून त्याच्या पुढे धरली.

"आज बोटं साफ गेलीत रे. तू उघड."

सोन्याने किल्ली घेतली आणि खाली वाकला. किल्ली कुलपात सरकवली, अंगठ्याने तिचं डोकं किंचित वर उचललं, आणि फिरवली. कुलूप पहिल्याच झटक्यात उघडलं.

काकूंनी नुसतं बघितलं. सोन्या अजून वाकलेलाच होता, हात किल्लीवर, आणि त्याला आपण काय केलं ते कळलं. चष्मेवाला इतके दिवस झटत होता, काकू झटत होत्या, कुणाला कधी ती किल्ली वर उचलायचं सुचलं नव्हतं. कोणती खाच खोल गेली आहे हे माहीत असलेल्या माणसालाच ते सुचतं. त्याची मान कानापर्यंत लाल झाली.

"शिकवलेलं विसरला नाहीस," काकू म्हणाल्या.

मोबाइल कव्हरवाल्याने दोघांची तोंडं बघितली, आणि आपण उद्या येऊ असं पुटपुटला. काकूंनी त्याला सांगितलं, की उद्याही येऊ नको आणि परवाही नको, भिंत जिथे आहे तिथेच राहणार आहे. टिचक्या मारायच्या असतील तर तुझ्या बाजूने मार, असंही वर सांगितलं. तो गेला.

सोन्या म्हणाला, की काळजीपोटी केलं. खरंच काळजीपोटी, आई. तू एकटी बसतेस, शटर वर करताना कंबर धरतेस, एकदा चक्कर येऊन पडली होतीस, मी तिकडे लांब. सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं, हेही काकूंना दिसत होतं.

"नसतं ऐकलं," काकू म्हणाल्या. "भांडले असते. तू भांडायचंस. दार आपटायचंस, जेवायचं नव्हतंस. तू काय केलंस, माझी बोटंच माझ्यावर उलटवलीस. मी त्यांना रोज शिव्या दिल्या रे. तुझ्या आजोबांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी कानस फिरवली, ती तुझ्या हातात दिली. ती घेऊन तू हे केलंस?"

सोन्याने विचारलं, की तुला कळलं कसं? मास्तरांच्या लेकीने सांगितलं?

काकूंनी उजवा हात त्याच्या तोंडासमोर धरला. सांधे सुजलेले, अंगठ्याचं नख एका बाजूला झिजून तिरकं झालेलं. "यांनी सांगितलं. ज्यांच्यात काही राहिलं नाही, त्यांनीच. दोन्ही किल्ल्यांवर कड ठेवलीस, मेल्या. चोरीच करायची होती तर कड तरी काढायचीस. या दुकानातून कड ठेवून कधी किल्ली गेली आहे का?"

आणि त्या आत गेल्या, दिवा लावला, शटरच्या कुलपासाठी शेगड्यात एक कोरी किल्ली आवळली आणि बाहेर आल्या, कारण आत दोघं मावत नसत. सोन्या आत जाऊन बसला. काकूंनी आत ठेवलेल्या पिशवीतून त्याने उलट्या मुठीची कानस काढली. इतक्या वर्षांनी त्या बाकावर त्याचे गुडघे वर येत होते. काकू फुटपाथवर, गिऱ्हाइकाच्या जागी, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. तो ओढून घासत होता, अजूनही सुंदर घासत होता, आणि मध्येच शर्टाच्या बाहीला नाक पुसत होता.

झाल्यावर त्याने किल्ली बाहेर दिली. काकूंनी डोळे मिटून एकेका खाचेवरून नख फिरवलं आणि किल्ली त्याला परत दिली.

"तिसरीत कड आहे," त्या म्हणाल्या. "काढ."